रिमोटचा दिवा दिसला म्हणजे इन्फ्रारेड फिल्टर खरा नव्हे

कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढवायच्या इन्फ्रारेड फिल्टरच्या कड्यावर '७२० नॅनोमीटर' छापलेलं (म्हणजे त्याहून लांब लहरींचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा उजेडच तो सोडणार), काच काळीकुट्ट, आणि विक्रेत्याच्या व्हिडिओत फिल्टरमागे धरलेल्या टीव्ही रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात लुकलुकताना दिसतोय. एवढ्यावर पैसे गेले. तेही एका फिल्टरचे नाहीत, चारांचे: ६८०, ७२०, ७६० आणि ८५०, असा ७७ मिलिमीटरचा संच. चारही काचा एकच निघाल्या. गडद लाल.

तो रिमोट पाहूनच थांबायला हवं होतं, आणि तिथेच मान डोलावली! रिमोटचा दिवा साधारण ९४० नॅनोमीटरवर चमकतो. ते किरण साधी लाल काचही सोडते. फिल्टरचं खरं काम डोळ्यांना दिसणारा उजेड अडवणं, आणि रिमोटने नेमकं तेच तपासलं जात नाही. हे ठाऊक नव्हतं असंही नाही. पण पुढच्या क्षणी इन्फ्रारेड फोटोंतली पांढरीशुभ्र झाडं आणि काळंभोर आकाश दाखवलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. ते फोटो या काचेचे नव्हतेच.

अर्ध्या मिनिटात खरंखोटं कळतं. पांढऱ्या एलईडी बल्बकडे फिल्टरमधून बघा. ७२०चा अस्सल फिल्टर असेल तर बल्ब जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याच्या उजेडात इन्फ्रारेड नसल्यातच जमा. जुन्या तारेच्या बल्बची तार मात्र अंधुक लाल दिसते. आमच्या 'फिल्टर'मधून एलईडी लख्ख लाल दिसला, मागची खुर्चीसुद्धा. (सूर्याकडे बघून तपासू नका. इन्फ्रारेड दिसत नसलं तरी डोळ्यात जातंच.)

दुसरी खूण शटरची. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असतेच, त्यामुळे ७२० चढवला की दहा स्टॉपच्या आसपास उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा): १/१२५ सेकंदाचे ८ सेकंद होतात, ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही. इथे १/१५ला फोटो आला, ऑटोफोकस झटक्यात लागला, लाइव्ह व्ह्यूत फ्रेम स्वच्छ. तेव्हा ही सोय वाटली! हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घेऊनही पानं पांढरी न होता करडीच.

आणि तक्रार? २३ दिवस, ११ ईमेल. विक्री संकेतस्थळाचं उत्तर: 'वस्तू छायाचित्राप्रमाणेच आहे.' बरोबरच आहे, काळी काच मागवली, काळी काच आली! एलईडीचा व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, अधिकृत सेवा केंद्राचा दाखला आणा. काचेच्या चकतीला कसलं आलंय सेवा केंद्र? बँक म्हणाली, पार्सल पोचलंय, आमचा विषय संपला. ग्राहक मदतवाणीने तक्रार घेतली, क्रमांक दिला आणि पुन्हा विक्रेत्याकडेच धाडली. त्याने १५ टक्के परत देऊ केले, पाच तारे दिले तर.

संच घेऊच नका. सुरुवातीला एकच ७२० पुरतो. ८५०ला साध्या कॅमेऱ्यात शटर आणखी लांबतं. नमुन्याच्या फोटोखाली शटर आणि कॅमेरा लिहिलेला नसेल तर पुढे सरका. पार्सल उघडताना चित्रीकरण करा आणि एलईडीची परीक्षा त्याच चित्रीकरणात, न थांबवता. फिल्टर खरा मिळाला तरी आधी फोकस करून ऑटोफोकस बंद करा, मग तो चढवा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ठेवा, डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका. एफ/१६ला मधोमध फिकट गोल डाग आला तर तो लेन्सचा हॉटस्पॉट. त्याचं खापर फिल्टरवर फोडू नका.

तक्रारीपुढे आता 'निकाली' असं लिहिलंय. विक्रेत्याने तोच संच नव्या नावाने परत लावलाय, व्हिडिओ तोच, रिमोटसकट.