कॅम्परव्हॅनच्या अंतर्भागासाठी जुने सागवान, पार्टिकल बोर्ड की नवे प्लायवूड?

कॅम्परव्हॅन (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली प्रवासी गाडी) म्हणून नोंदलेल्या गाडीचा अंतर्भाग नव्याने सजवताना जुन्या बाजारातले फर्निचर वापरावे की सुताराकडून सगळे नवे करून घ्यावे, हा प्रश्न वरवर खर्चाचा वाटतो; पण निर्णय ठरतो तो वजनावर आणि सांध्यांवर. घरातले कपाट एका जागी उभे राहण्यासाठी घडवलेले असते. गाडीतल्या कपाटाला घाटातली वळणे, खड्डे आणि अचानक दाबलेला ब्रेक रोज सोसावा लागतो.

प्रथम सागवान पाहू. मुंबईच्या चोर बाजारात, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या सागवानी कपाटांचे लाकूड अनेक वर्षे मुरलेले असते, पावसाळी हवेत ते फारसे वाकत नाही आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. कोकणात मुक्काम करणाऱ्या गाडीसाठी हा गुण मोलाचा आहे. अडचण वजनाची आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळीचे वजन चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते, तर १२ मिलिमीटरच्या प्लायवूडचे साधारण ७ किलो. शिवाय गाडीच्या भिंती वर जाताना आत झुकतात आणि चाकावरचा उंचवटा आतल्या जागेत शिरतो, त्यामुळे सरळ पाठीचे अखंड कपाट भिंतीला नीट चिकटत नाही आणि वरची जागा वाया जाते. म्हणूनच माझे मत असे आहे की सागवानी कपाट अखंड बसवण्यासाठी घेऊ नये. ते मोडून, फळ्यांना रंधा मारून, ओट्याचा वरचा भाग, जेवणाचे घडीचे टेबल आणि खणांच्या चौकटी यांसाठी वापरावे. जिथे हात रोज लागतो आणि पाणी सांडते तिथे सागवानाचे वजन सार्थकी लागते. डोक्यावरच्या कप्प्यांसाठी मात्र ते मुळीच वापरू नये.

या साऱ्यात एक अपवाद मला मनापासून सुचवावासा वाटतो, तो म्हणजे दुभत्याचे कपाट. त्याची जाळीची दारे हलकी असतात आणि बंद गाडीत कांदे-बटाटे, भाकरी यांना वारा मिळतो. लहान आकाराचे, भक्कम पायांचे कपाट मिळाले तर ते अखंड ठेवावे. फक्त बिजागऱ्या बदलाव्यात आणि दाराला पक्की कडी लावावी, कारण घरगुती चुंबकाची पकड रस्त्यावर टिकत नाही.

मोडलेल्या मॉड्युलर किचनचे खण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज मिळणारे असतात, आणि नेमके तेच टाळावेत. ते बहुधा पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे असतात. हे बोर्ड ओलाव्याने फुगते, त्यातला स्क्रू सततच्या कंपाने ढिला होतो आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. एवढे करून वजनही कमी नसते: १८ मिलिमीटरचा तुकडा चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास जातो. त्यातल्या सरकत्या पट्ट्या आणि मुठी तेवढ्या काढून घ्याव्यात. लोखंडी कपाटाचा विचार वजनामुळेच सोडून द्यावा. वेताची खुर्ची हलकी असली तरी ती चालत्या गाडीत बसण्यासाठी नव्हे. मुक्कामावर बाहेर मांडायला ती उत्तम.

नव्या प्लायवूडचा पक्ष बलवान आहे. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय पाण्याला टिकते, भिंतीच्या वळणानुसार कापता येते, आणि डोक्यावरचे कप्पे व बिछान्याखालची पेटी यांसाठी मी त्याचीच निवड करीन. खर्च मात्र जास्त येतो, आणि सुताराला गाडीच्या कामाचा अनुभव नसेल तर तो घरासारखीच १८ मिलिमीटरची जाडी सर्वत्र वापरतो, ज्यामुळे प्लायचा हलकेपणाच निघून जातो.

जुना माल निवडताना छिद्रांखाली बारीक भुकटी पडते का ते पाहावे. ती दिसल्यास कीड जिवंत असण्याची शक्यता आहे आणि ते लाकूड गाडीत आणू नये. जुन्या रंगाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासू नये; ओल्या पॉलिशपेपरने, घराबाहेर, मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवून तो काढावा.

बसवण्याची पद्धत मात्र जुन्या-नव्या दोन्हींना एकच आहे. ३० किलोचा खण जोराच्या ब्रेकला सुमारे २४ किलोच्या ताकदीने पुढे ओढला जातो आणि धडकेत ही ओढ कित्येक पटींनी वाढते, म्हणून तो पत्र्यात स्क्रू मारून न बसवता गाडीच्या सांगाड्याच्या पट्ट्यांना नट-बोल्टने आवळावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करता येत नाहीत, तेव्हा आसने हलवण्याआधी किंवा सांगाड्याला भोके पाडण्याआधी आरटीओकडे चौकशी करावी.

खरेदीपूर्वी आणि बसवल्यानंतर गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या व मागच्या धुरीचे (ॲक्सलचे) वजन वेगवेगळे घ्यावे आणि पाणी, गॅस व प्रवासी धरून ते नोंदणी प्रमाणपत्रातल्या मर्यादेत बसते का ते तपासावे. मागची धुरी मर्यादा ओलांडत असेल, तर मागच्या भागातले सागवान आधी काढून तिथे प्लाय बसवावे.