जुने निसा की मर्व्ह: अश्गाबातहून कोठे जावे?

तुर्कमेनिस्तानात मोजकेच दिवस हाताशी असलेल्या इतिहासप्रेमी प्रवाशाला जुन्या निसाचा पार्थियन (प्राचीन इराणवर राज्य करणाऱ्या साम्राज्याचा) राजदुर्ग आणि मर्व्हची प्राचीन नगरी यांतून बहुधा एकाचीच निवड करावी लागते.

निसा राजधानी अश्गाबातपासून २० किलोमीटरच्या आत, कोपेत दाग पर्वताच्या पायथ्याशी, बागिर गावाजवळ आहे. सुमारे १४ हेक्टरांच्या या दुर्गाला चाळिसांहून अधिक बुरूज होते आणि तेथे सापडलेल्या लेखांत त्याचे नाव मिथ्रदातकेर्त, म्हणजे मिथ्रदात या पार्थियन राजाचा किल्ला, असे येते. दगडी तटबंदी पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाची येथे प्रथमदर्शनी निराशा होऊ शकते, कारण सारे बांधकाम मातीचे असून बराचसा भाग झिजून टेकाडांसारखा झाला आहे. तरीही पार्थियन राजवट समजून घ्यायची असेल, तर माझे मत निःसंशय निसाच्याच बाजूने आहे. येथील चौकोनी वास्तूत १९४८ मध्ये हस्तिदंती शृंगपात्रांचा (शिंगाच्या आकाराच्या पेयपात्रांचा) साठा सापडला. त्यांच्या काठांवर ग्रीक देवदेवता कोरलेल्या आहेत. दुर्गात मिळालेल्या अडीच हजारांहून अधिक खापरांवर शाईने द्राक्षमद्याचा हिशेब लिहिलेला आहे: कोणत्या मळ्यातून, कोणत्या वर्षी, किती मद्य आले आणि ते कोणी आणले. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात शक-यवनांबरोबर ज्या पह्लवांचा, म्हणजे पार्थियनांचा, उल्लेख आहे, त्यांच्या मूळ साम्राज्याचा कारभार या खापरांतून वाचता येतो. मात्र या वस्तू दुर्गात नाहीत. शृंगपात्रे पाहण्यासाठी अश्गाबातच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे लागते, आणि ती भेट वगळल्यास निसा निम्मेच पाहिल्यासारखे होते.

मर्व्हचा आवाका वेगळाच आहे. अश्गाबातपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या या स्थळी प्राचीन इराणच्या अखमनी साम्राज्याच्या काळापासूनची शहरे एकमेकांशेजारी वसत गेली. १२२१ मध्ये मंगोलांनी नगरीचा विध्वंस केला, तरी बाराव्या शतकातील सेल्जुक सुलतान संजरची घुमटाकार कबर आणि उभ्या पन्हळींसारख्या भिंतींची मोठी कीझ काला ही गढी आजही ठळक उभी आहेत. अवशेष दूरदूर विखुरलेले असल्याने तेथे गाडी लागतेच.

एकच दिवस असेल, तर सकाळी निसा आणि दुपारी संग्रहालय हा क्रम ठेवावा. मर्व्हसाठी जवळच्या मारी शहरात मुक्काम करण्याची तयारी हवी, आणि दोन्हीकडे सावली तुटपुंजी असल्यामुळे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच महिने निवडावेत.