थांबणारा पिझ्झा आणि न थांबणारा

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, बाबांच्या साठीला सगळ्यांना इटालियन खायला न्यायचंय. कुठे नेऊ?" मोजून सात माणसं. त्यात त्याची आजी, म्हणजे माझी आई, ऐंशीच्या घरात. त्याची मुलगी आठ वर्षांची. आणि उत्सवमूर्ती आमचे भावोजी, ज्यांनी आजवर जेवढा पिझ्झा खाल्लाय तो दुसऱ्या कुणीतरी हट्ट केला म्हणून. भाच्याने चाळण लावून दोनच पर्याय ठेवले होते. एक, लोअर परळ नाहीतर वांद्र्याकडचं एखादं नापोली, म्हणजे इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीचं पिझ्झेरिया. दुसरा, मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं पिझ्झा बाय द बे.

"दोन्ही चांगलंच आहे रे," असं म्हणून मी फोन ठेवला. खोटं नव्हतं ते, पण त्याचा काही उपयोगही नव्हता. म्हणून आता नीट लिहितो. कोथिंबिरीच्या जुडीपासून फ्रीजपर्यंत काहीही निवडताना मी असाच घोळ घालतो, हे घरचे सांगतीलच.

आधी जुनी गोष्ट, कारण पुढचा निकाल तिथूनच येतो. आम्ही पार्ल्याचे. आमच्या लहानपणी पिझ्झा म्हणजे बेकरीत पाकिटात मिळणारे जाडसर पांढरे बेस. त्यावर बाटलीतला टोमॅटो सॉस, उभी चिरलेली ढोबळी मिरची, कांदा, आणि वर किसलेलं अमूल चीज. तव्यावर ठेवायचं, ताट झाकायचं, खालून करपल्याचा वास आला की झालं. त्या चीजला कधीच तार सुटायची नाही. आम्हाला वाटायचं आईचंच काहीतरी चुकतंय. पुढे कळलं की प्रोसेस्ड चीज तयार करतानाच त्यात असे क्षार घालतात की ते मऊ होतं, पण ताणलं जात नाही. तार हवी तर मोझरेला लागतं, कारण त्याचा दहीगोळा गरम पाण्यात ओढून ओढूनच बनवलेला असतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तेव्हा मला का बोलत होतात?"

बाहेरचा पहिला पिझ्झा मी गिरगाव चौपाटीसमोरच्या न्यूयॉर्करमध्ये खाल्ला. मग १९९३ मध्ये मुंबईत स्मोकिन जोज आलं. डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले ते १९९६ मध्ये, एक दिल्लीत, दुसरं बंगळुरात. तेव्हा मुंबईत या दोन साखळ्यांच्या आधीपासून आपण पिझ्झा खात होतो, याचा मला अजून उगाच अभिमान आहे. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. पिझ्झा मध्ये ठेवायचा, त्याचे तुकडे असायचे, आणि ज्याच्या त्याच्या हाताला येईल तसा तो सगळ्यांचा असायचा. अंधेरीच्या जोईज पिझ्झाचा तर एकेक तुकडा दोन्ही हातांनी उचलावा लागतो, चीज इतकं सढळ. तो घरी आणून क्रिकेट बघत खायचा. साठीला नाही.

हॉटेलांचं थोडक्यात. कफ परेडच्या प्रेसिडेंटमधलं ट्रॅटोरिया कितीतरी वर्षं चालू आहे. मुंबईत इटालियन जेवण म्हणजे काय हे अनेकांनी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. बजेट असेल तर न्या. मला एकच भीती वाटते. त्याच हॉटेलात कोकण कॅफे आहे, आणि भावोजींना त्याचा सुगावा लागला तर इटली तिथल्या तिथे संपली. सगळं शाकाहारीच हवं असेल तर लिटल इटली आहे. ती साखळी मूळची पुण्याची, पण आपण ते मनावर घेत नाही.

तर आता खरी लढत.

नापोली पद्धतीचा पिझ्झा चवीला सरस असतो, हे आधीच कबूल करतो. नाहीतर पुढे वाचून कुणी म्हणेल, याला कळतच नाही. कमला मिलमधलं सी नोनाज घ्या. पिठासाठी ते विरजणासारखं जपलेलं आंबवण वापरतात, आणि आंबवणाची आंबूस चव ज्यांना इडली-आंबोळीमुळे लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांना ती लगेच ओळखीची वाटते. आमच्या मालवणी शेजारीण काकूंनी कडेचा तुकडा खाऊन सांगितलं, "ही आंबोळीची धाकटी बहीण." मला याहून चांगलं वर्णन जमलं नसतं.

या पिझ्झ्याचे नियम कडक. नापोलीत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने सगळं लिहून ठेवलंय. भट्टी ४३० ते ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास, पिझ्झा आत साठ ते नव्वद सेकंद, आणि पीठ हाताने पसरायचं, लाटणं चालत नाही. पिझ्झा बनवण्याच्या तिथल्या या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीतही जागा मिळाली. नव्वद सेकंदांत कड फुगते, तिच्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके येतात, आणि आतलं पाणी आतच राहतं. म्हणून तो इतका मऊ लागतो. खरी मेख तिथेच आहे. पाणी आत राहिलेला पिझ्झा ताटलीत आला की त्याची वाफ खाली कोंडते. त्यात वरचं चीज ताजं आणि ओलं, तेही पाणी सोडतं. पहिली चार-पाच मिनिटं स्वर्ग. मग मधोमध तळं साचायला लागतं, आणि कड गार होता होता चिवट होते. हा कुणा हॉटेलचा दोष नाही, त्या पिझ्झ्याचा धर्मच तसा आहे. नापोलीचा माणूस एकट्याने एक पिझ्झा घेतो आणि समोर आला की खातो. तो कुणासाठी थांबत नाही.

आम्ही मात्र थांबतो.

गेल्या वर्षी आईचा वाढदिवस उपनगरातल्या अशाच एका ठिकाणी केला. नाव घेत नाही, आणि वर म्हटलेलं सी नोनाज तर ते नव्हेच. आम्ही सहा जण होतो, चार पिझ्झे सांगितले. पहिला मार्गेरिटा आला, अगदी देखणा, तुळशीची पानं अजून हिरवीगार. टेबलावर ठेवला आणि सगळे त्याच्याकडे बघत बसले. कुणी हात लावेना. सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, ही सवय पंगतीतली आहे, ती मॉलमध्ये शिरल्यावर दाराशी सोडून येता येत नाही. मी वेटरला विचारलं, बाकीचे कधी? तो नम्रपणे म्हणाला, "सर, होतील तसे येतील. आमच्या किचनची पद्धत आहे." मी घड्याळ लावलं नव्हतं. पण आईचं दोनदा "घ्या रे, गार होतंय" म्हणून झालं, सुनेचे तीन फोटो झाले, आणि धाकट्याने पाण्याची बाटली रिकामी केली, तेव्हा दुसरा आला.

तोवर पहिल्याचं तळं झालं होतं, तुळस त्यात पोहत होती. आता वाटून तरी घेऊ, तर पिझ्झा अख्खा. कापून आणा म्हटलं, तर कळलं की ते कापत नाहीत. कापला की सॉस बेसच्या खाली झिरपतो आणि तळ भिजतो. कारण पटण्यासारखं आहे. त्याऐवजी त्यांनी कात्री आणून दिली. आईने ती कात्री हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "मी कोथिंबीरसुद्धा कधी कात्रीने कापली नाही," म्हणाली आणि खाली ठेवली. शेवटी मी कापला. मधला भाग खाली लोंबला, तो तिने चमच्याने खाल्ला, आमटीभात खावा तसा. आणि जो तिने स्वतःसाठी मागवला होता, मश्रूमचा, तो सगळ्यात शेवटी आला, बाकीच्यांचं हात धुऊन झाल्यावर. त्यामुळे वाढदिवस जिचा, ती एकटीच खात बसली आणि आम्ही पाचजण तिच्याकडे बघत. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "चव छान होती हं." आईचं असं "हं" लावून छान म्हणणं म्हणजे काय, ते प्रत्येक मुलाला कळतं.

त्या संध्याकाळपासून माझं मन बदललं. पिझ्झा वाईट म्हणून नाही, तो थांबत नाही म्हणून.

आता पिझ्झा बाय द बे. चर्चगेटला उतरायचं, वीर नरिमन रस्त्याने समुद्राच्या दिशेने सरळ चालायचं, रस्ता संपतो तिथे कोपऱ्यावर सूना महाल. आर्ट डेको इमारत, १९३० च्या दशकातली. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात मरीन ड्राइव्हची ही रांगही आली. आमच्या कॉलेजच्या दिवसांत याच जागेत नॉट जस्ट जॅझ बाय द बे होतं. खिशात लोकलचा पास आणि किरकोळ रक्कम असायची, त्यामुळे आम्ही बहुतेक वेळा बाहेर कठड्यावर बसून आतलं संगीत फुकट ऐकलंय. तेव्हा वाटायचं, एकदा आत काचेपाशी बसायचं. हे माझं पक्षपाताचं कारण आधीच सांगून टाकतो, उगाच नंतर कुणी शोधून काढायला नको.

तिथला पिझ्झा पातळ, जास्त वेळ भाजलेला. कमी आचेवर जास्त वेळ राहिला की पीठ वाळतं, आणि वाळलेलं पीठ कुरकुरीत राहतं. म्हणून हा पिझ्झा दहा-पंधरा मिनिटं दम धरतो. हो, जुलैत मरीन ड्राइव्हच्या हवेत पापडसुद्धा दम धरत नाही, ते सोडा. साठी जानेवारीत आहे. आम्ही गेलो तेव्हा तीन पिझ्झे एकदम आले, तुकडे केलेले. मध्ये ठेवले, सगळ्यांनी सगळं खाल्लं. आईने तिन्ही प्रकारांचा एकेक तुकडा घेतला. सांगायचं एवढंच की तिला कुणाकडे बघत बसावं लागलं नाही.

चवीत नापोलीवाला पुढे आहे, पुन्हा सांगतो. शंभरात मी त्याला थोडे जास्तच देईन. पिझ्झा बाय द बेचे दर मरीन ड्राइव्हचे आहेत, समुद्र काही फुकट मिळत नाही. आणि तुम्ही दोघंच जात असाल, नवराबायको किंवा दोन मित्र, तर डोळे मिटून नापोली पद्धतीच्या ठिकाणी जा. ज्याचा त्याने आपला मागवा, आला की तुटून पडा, बोलणं नंतर. तिथे थांबायला कुणी नसतं, त्यामुळे त्या नव्वद सेकंदांचं चीज होतं. माझा मुलगा आणि त्याचे मित्र असेच जातात आणि खूश असतात. सात माणसांचं, त्यातही चार पिढ्यांचं टेबल ही वेगळी गोष्ट आहे.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं की टेबल सांगण्याआधी, कुठेही सांग, फोनवर एक प्रश्न विचार: "सगळे पिझ्झे एकदम आणाल का?" समोरचा लगेच "हो" म्हणाला तर ठीक. "ट्राय करू सर" म्हणाला तर समजून घे. आणि मरीन ड्राइव्हलाच जाणार असशील तर साडेपाचचं टेबल घे. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, आणि त्या दिवसांत तो मलबार हिलच्या आड न जाता मोकळ्या समुद्रात जातो. रविवार असेल तर लोकलचा जम्बोब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कुठे बंद आहेत ते, बघून नीघ. आजीला काचेकडची खुर्ची दे. भावोजींना मेनू हातात देऊ नकोस, ते किमती मोठ्याने वाचतात.