मनाच्या गोळ्या समजावून देणारं मेडिकल, मिरज

माझ्या सासऱ्यांना (आम्ही दादा म्हणतो) मेजर डिप्रेशनचं निदान झालं, तेव्हापासून त्यांची औषधं मी मार्केटजवळच्या या दुकानातून घेते. संध्याकाळी गर्दी असते, गाडी लावायला जागा नाही. तरी दुसरीकडे जाणार नाही, ते काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताईंमुळे.

डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनवरचं औषध 5 मिलिग्रॅमपासून सुरू केलं. दादांचं एकच पालुपद, "या गोळ्यांनी माणूस गुंगीत पडून राहतो." ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, ही झोपेची गोळी नाही. सुरुवातीला मळमळेल, पोट बिघडेल, ते बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. मनाला फरक पडायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर धीर धरा. आणि बरं वाटलं तरी एकदम बंद करायची नाही. चक्कर येते, बेचैनी होते, डोक्यात झिणझिण्या येतात. थांबवायची वेळ आली की डॉक्टरच डोस हळूहळू उतरवतील."

मग त्यांनी दादांची बीपीची चिठ्ठी मागितली. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. दोन्ही मिळून वयस्कर माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणाल्या. डॉक्टरांनी तपासणी करून घेतली. सोडियम थोडं कमीच निघालं आणि बीपीची गोळी बदलली. हे मला कधी सुचलं असतं? दादांच्या गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध मागितलं तेव्हाही, "या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आधी विचारा वहिनी," म्हणून त्यांनी दिलं नाही.

चिठ्ठीशिवाय ही औषधं इथे मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शेजारच्या काकू दादांचा फरक बघून तीच गोळी मुलासाठी मागायला गेल्या. त्याला मध्येच अति उत्साहाचे झटके येतात. अशा माणसाला नुसती ही गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो, म्हणून ताईंनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काउंटरवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही लावलेला आहे. फोन मोफत, चोवीस तास.

नाव किंवा औषध मोठ्याने पुकारत नाहीत, पाकीट बंद करून देतात. दादा आता स्वतः गोळ्या आणायला जातात.

रविवारी दुकान बंद असतं, शेवटच्या पट्टीपर्यंत थांबू नका.