कौलारू वाचनालयातील डीह्युमिडिफायर : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या वाचनालयाची इमारत कोकणातली, शंभरी ओलांडलेली, जांभ्याच्या चिऱ्यांची आणि मंगलोरी कौलांची आहे. तिच्यातील दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी एका शिळाछाप पोथीची पाने एकमेकांना इतकी चिकटलेली सापडली की ती सोडवताना अक्षरे समोरच्या पानावर उमटून आली. त्यानंतर कार्यकारिणीने कंप्रेसरवर चालणारा, दिवसाला ३० लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारे यंत्र, घेतला. पुढे एक गंभीर तक्रार येणार असल्याने कंपनीचे नाव येथे लिहिलेले नाही. या प्रकारच्या सर्वच यंत्रांना लागू पडेल असे मात्र बरेच सांगण्यासारखे आहे.

यंत्रातला पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून ओढतो, बाष्पाचे पाणी होऊन ते टाकीत उतरते आणि कोरडी झालेली हवा किंचित गरम होऊन बाहेर पडते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरण्याची भीती असते, आणि आमच्या खोलीत जुलैमध्ये ती ८५ च्या आसपास असे. यंत्र लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी आकडा ६२ वर आला, तेव्हा आम्हा सर्वांना काम फत्ते झाल्यासारखे वाटले. रात्री यंत्र बंद ठेवले आणि सकाळी आकडा पुन्हा ७८ वर होता.

याचे कारण हिशेब मांडल्यावर कळले. १२० घनमीटरच्या या खोलीत २७ अंश तापमानाला आर्द्रता ८५ वरून ६० टक्क्यांवर आणायची, तर हवेतून जेमतेम पाऊण लिटर पाणी काढावे लागते. पुस्तकांचे गणित निराळे आहे. ५० टक्के आर्द्रतेला कागद आपल्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी धरतो आणि ८५ च्या घरात ते प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. दोन हजार पुस्तकांचे वजन सहाशे किलो धरले, तर नुसत्या पानांतच तीसेक लिटर जादा पाणी मुरलेले असते. भिंतींतली ओल त्याहून वेगळी. म्हणून पावसाळ्यात हे यंत्र चार तास लावून बंद करण्यात काही अर्थ नाही. केवळ कार्यालयीन वेळेत एसी चालवणेही तसेच घातक आहे, कारण दिवसा थंड झालेल्या पुठ्ठ्यांवर एसी बंद होताच बाहेरची दमट हवा येऊन बसते.

क्षमतेच्या आकड्यावर विसंबू नये. ३० लिटर हा आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. खोली ६० टक्क्यांच्या जवळ आली की निघणारे पाणी बरेच कमी होते. आमच्या टाकीत सुरुवातीला रोज आठ लिटर पाणी जमत असे आणि तरीही आर्द्रता हटत नव्हती. मग सुताराकडून तक्तपोशीच्या, म्हणजे कौलांखालच्या लाकडी फळ्यांच्या छताच्या, फटींवर पट्ट्या ठोकून घेतल्या आणि दाराच्या तळाला रबर लावले. त्यानंतर तेच पाणी चार लिटरांवर आले आणि आकडा ६० वर स्थिरावला. या यशातला निम्मा वाटा मी त्या सुताराला देतो.

यंत्रावर दिसणारा आकडा हा यंत्राच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो. तो ५५ दाखवत असताना पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ठेवलेला डेटा लॉगर (आर्द्रता मोजून नोंदवत राहणारे छोटे उपकरण) ७१ सांगत होता. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे घेऊन छताचा पंखा मंद ठेवल्यावर तिथे ६१ मिळाले. लॉगरचीही परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ ओले करून ते लॉगरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले की आकडा ७५ यायला हवा. आमच्या दोन लॉगरपैकी एकाने ७४ आणि दुसऱ्याने ७८ दाखवले, तो फरक आम्ही त्यांच्या पाठीवर चिकटपट्टीने लिहून ठेवला आहे.

आता तक्रार. वीज जाऊन परत आली तरी हे यंत्र आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी बटण दाबावे लागते. मागच्या ऑगस्टमध्ये शनिवारी संध्याकाळी वीज गेली, पुढे जोडून सुट्टी होती, आणि मंगळवारी दार उघडले तेव्हा कुबट वास आला, आकडा ८३ वर होता आणि तीन चामडी बांधणींवर पांढरे ठिपके धरले होते. ही सुरक्षेची सोय असल्याचे सेवा केंद्राने सांगितले. कोकणातल्या वाचनालयासाठी हा दोषच आहे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच प्लग काढून पुन्हा लावावा आणि यंत्र स्वतःहून चालू होते का, हे डोळ्यांनी पाहावे.

आम्ही यंत्र ५८ वर ठेवतो. त्याहून फार खाली नेल्यास जुने चामडे आक्रसते आणि खळीने चिकटवलेल्या पाठी तडकतात, शिवाय वीजही वाया जाते. भर पावसात दिवसाला सुमारे आठ युनिट लागतात. जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. टाकी भरली की यंत्र थांबते, म्हणून आम्ही नळी जोडून पाणी थेट बाहेरच्या पन्हळीत सोडले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यंत्राची गरज पडत नाही.

वीज गेल्याचा दोष नसलेले मॉडेल मिळत असेल आणि खोलीला तक्तपोशी असेल, तर हे यंत्र अवश्य घ्यावे. थेट कौलांखाली उघड्या असलेल्या खोलीसाठी मात्र ते पैसे आधी सुताराला द्यावेत.