शुगरचं मशीन घेताय? आधी पट्टी बघा

सांगलीत विश्रामबागच्या एका मेडिकलमधून आप्पांसाठी ग्लुकोमीटर घेतलं, पाहुण्यांत सगळे विचारायला लागले कुठलं चांगलं म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मशीन नुसता करंट मोजतंय, खरं काम पट्टी करते.

आप्पांची तासगावला द्राक्षबाग, सगळं आयुष्य ड्रिप आणि मोटारीत गेलेलं. पट्टी थेंबाला टेकवली आणि रक्त सुर्रकन आत गेलं तसं म्हणले, "आयला, मोटर कुठाय हिच्यात?" मोटर नाहीच ओ. पट्टीच्या टोकाला दोन फिल्मच्या मधे बारीक फट असते, एवढ्या बारीक जागेत वजनाला काही किंमत राहत नाही, पृष्ठताणच रक्त आत ओढतो, पण त्यासाठी फिल्मवर पाणी धरणारा लेप लागतो, साध्या प्लास्टिकवर थेंब नुसता गोळा होऊन बसतो. आणि पुढं हवा निघायला भोक पाहिजे. मोबाइलच्या मॅक्रोत बघा, आमच्या पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, त्यावर बोट आलं की रक्त अर्ध्यात अडकतं आणि मशीन एरर दाखवतं.

फट जितकी लांब तितका वेग कमी होत जातो, म्हणून ती काही मिलिमीटरच ठेवतात. आत रक्त ढवळलं जात नाही, अजिबात, साखर आपली आपण पसरत करंट उचलणाऱ्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचते, आणि थराची जाडी निम्मी केली की त्याला लागणारा वेळ पाव होतो, रीडिंग पाच सेकंदात येतं त्याला हे एक मोठं कारण.

आमच्या पट्टीला अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. भारी गोष्ट, आप्पांचं बोट फार दुखत नाही, पण याची दुसरी बाजू कुणी दुकानात सांगत नाही. शुगर १४० असली तर तेवढ्या रक्तात साखर एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही, म्हणजे बोटावरचा फळाचा रस जरासा मिसळला तरी आकडा चढतो. आप्पांनी द्राक्षं खुडता खुडता तसंच बोट टोचलं, मशीननं थेट दोनशेच्या वर दाखवलं, आई घाबरली. साबणानं हात धुऊन पुसून परत घेतलं तर दीडशेच्या आत! म्हणून बागवाल्यांनो, आधी हात धुवा. स्पिरिट लावलं तर वाळू द्या. बोट पिळू पण नका, रक्तात पेशींच्या अवतीभवतीचं पाणी मिसळतं.

अॅक्युरसीचं म्हणाल तर मिरजेच्या लॅबमध्ये उपाशीपोटी ११८ आणि त्याच वेळी मशीनवर १२६ आलं. ग्लुकोमीटरचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७:२०१३, त्याप्रमाणे १०० किंवा वरच्या रीडिंगला १५ टक्के फरक चालतो, त्यामुळं ठीकच. फक्त जेवणानंतर बोटाचं रीडिंग शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त येऊ शकतं, तिथं लॅबशी भांडायला जाऊ नका. हिमोग्लोबिन कमी असलं तरी बऱ्याच मशीनवर आकडा वर सरकतो, अशांनी डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आता तक्रारी. ब्लूटूथ बोगस, जोडलेलं सारखं तुटतंय, आप्पा वहीतच लिहितात. पट्ट्यांचा डबा उघडा ठेवला की संपलं, आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा पट्टीवर साखरेशी क्रिया करणारं जे वाळलेलं एन्झाइम असतं त्याला मानवत नाही, झाकण लगेच लावायचं. फ्रीजवर ठेवायचा नाही, फ्रीजमधे पण नाही. आणि भाव! मशीन ऑफरमधे जवळपास फुकटात देतात आणि नंतर पन्नासच्या डब्याला हजाराच्या आसपास घेतात, दुसऱ्या कंपनीची पट्टी त्यात बसत नाही. म्हणून दुकानात आधी पट्टीचा भाव, ती सांगलीत बारा महिने मिळते का आणि डब्यावरची तारीख विचारा. पाचपैकी चार स्टार, एक ब्लूटूथचा कापला.