गल्लीतली गॅसलाइन: स्टील की एमडीपीई?

दाब ४ बारच्या वर असेल तिथे स्टीलच. खरी निवड असते गल्लीबोळात, आणि तिथे आमचं मत एमडीपीईला, म्हणजे मध्यम घनतेच्या पॉलिथिलीनच्या प्लास्टिक पाइपला. पंचगंगेकाठच्या ओल्या काळ्या मातीत स्टील गंजतं. कोटिंग असलं तरी कॅथोडिक संरक्षण, म्हणजे पाइपला बारीक वीजप्रवाह देऊन गंज रोखणं, लागतं. पाइप आणि मातीतला विद्युतदाब उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे टिकतोय का, हे लाइन जिवंत आहे तोवर मोजत राहावं लागतं. तो खर्च शेवटी गॅसच्या दरातच उतरतो.

एमडीपीई गंजत नाही, पण जेसीबीच्या एका दातानं फाटते. म्हणून वर १ मीटर माती आणि मध्ये इशारापट्टी हवीच. इलेक्ट्रोफ्यूजन जोड (विजेच्या उष्णतेनं प्लास्टिक वितळवून केलेला) करताना पाइपचं टोक खरवडा, पुसा, मग बोटही लावू नका. थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडू नका. आत चिखल किंवा ओल राहिली, तर जोड वरून चांगला दिसतो आणि पुढे गळतो. भर पावसात आडोशाशिवाय जोडणी नकोच.